ऐकण्याचेही शास्त्र असते

राजोडीच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळी जी माणसे येतात, त्यांपैकी काहींच्या हातात स्वतःची नव्हे, तर दुसऱ्याची फाइल असते. पतीची, सासूची, वडिलांची. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती जेवणानंतर, साखर शेवटची तपासली तेव्हा किती होती, लघवीची नळी कधी बदलली, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. ‘आणि तुम्ही कशा आहात?’ असे विचारले, की क्षणभर गोंधळून त्या म्हणतात, ‘मला काय झालंय? मी बरी आहे.’ गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी हे उत्तर ऐकत आलो आणि बराच काळ ते खरे मानत आलो. आजचा लेख त्या चुकीविषयी आहे. त्याच चुकीमुळे ज्या व्यवसायाची मला खरी ओळख झाली, त्या मानसोपचाराच्या व्यवसायाविषयीही आहे.

न घेतलेल्या गोळ्या

पुढील हकिकत संबंधित बाईंची परवानगी घेऊन आणि त्यांची ओळख पटू नये एवढा तपशील बदलून लिहीत आहे. त्यांना आपण काकी म्हणू.

काकींचे वय तेव्हा अडुसष्ट होते. यजमानांची फुलांची वाडी. आयुष्यभर पहाटेच्या पहिल्या लोकलने दादरला फुले पोहोचवणारा तो कष्टाळू माणूस एका सकाळी विहिरीजवळ कोसळला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मुलगा मुंबईत नोकरीला, सून शाळेत शिक्षिका. दोघेही सकाळी घर सोडत आणि दिवेलागणीनंतर परतत. मधला सारा दिवस आणि पुष्कळशी रात्र काकींच्या वाट्याला येई. कुशीवर वळवणे, पुसून काढणे, भरवणे, आणि न उमटणाऱ्या शब्दांचा अर्थ लावत बसणे. अशी चार वर्षे गेली.

चौथ्या वर्षी काकी स्वतःसाठी माझ्याकडे येऊ लागल्या. छातीत धडधड होते, घशाशी आंबट येते, झोप लागत नाही. रक्तदाब थोडा वाढलेला होता. हृदयाचा आलेख, थायरॉइड, हिमोग्लोबिन सारे ठीक होते. ‘ताण आहे’ असे म्हणून मी झोपेची गोळी लिहून दिली, ताकदीची इंजेक्शने दिली, आणि ‘मन कशात तरी रमवा’ असा सल्लाही दिला. मन रमवायला वेळ कोठून आणायचा, हे मी विचारले नाही.

एका संध्याकाळी दवाखान्यात गर्दी नव्हती. काकी खुर्चीत बसल्या आणि खालमानेने म्हणाल्या, ‘डॉक्टर, काल मी ह्यांच्यावर हात उगारला. मारलं नाही. पण उगारला.’

मी घाईघाईने म्हणालो, ‘अहो काकी, एवढं काय मनाला लावून घेता? तुमच्यासारखी सेवा या गावात कोण करतं? देवमाणूस आहात तुम्ही.’

त्यांना धीर दिला, असे मला वाटले. काकी काही बोलल्या नाहीत. औषधाची चिठ्ठी घेऊन निघून गेल्या. दोन महिन्यांनी त्यांच्या सुनेने माझ्या टेबलावर एक लहानशी डबी आणून ठेवली. त्या डबीत मी लिहून दिलेल्या गोळ्या होत्या. काकींनी त्या घेतल्या नव्हत्या, साठवून ठेवल्या होत्या.

ती डबी पाहिल्यावर मला त्या संध्याकाळचा अर्थ कळला. काकी मला त्यांच्या मनातील सर्वांत कठीण गोष्ट सांगायला आल्या होत्या, आणि मी त्यांचे कौतुक करून ती गोष्ट पुन्हा त्यांच्याच पदरात बांधून परत पाठवली होती. ज्या बाईला आपण पतीवर हात उगारला याची लाज वाटत आहे, तिला देवमाणूस म्हटले, तर तिने पुढचे कोणाला सांगावे?

मी त्याच रात्री त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसून त्यांना सरळ विचारले, ‘काकी, जगू नये असं वाटतं का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असा विचार येतो का?’ त्या बराच वेळ रडल्या आणि ‘हो’ म्हणाल्या. येथे वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. असे थेट विचारल्याने समोरच्याच्या मनात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट, मनात असलेला विचार बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्यांना एकटे ठेवायचे नाही आणि घरातील सारी औषधे सुनेने कुलपात ठेवायची, असे ठरले. दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

‘मला ठाण्याला पाठवताय?’

काकींचा पहिला प्रश्न हाच होता. वस्तुतः त्यांना वसईतच जायचे होते. परंतु मुंबई आणि उत्तर कोकणात वाढलेल्या माझ्या पिढीच्या वाचकांना या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून या पट्ट्यात ‘ठाण्याला पाठवा’ या शब्दांना एकच अर्थ चिकटला. भांडणात तो शिवीसारखा वापरला गेला, चेष्टेत टोमण्यासारखा. त्या रुग्णालयाने शतकाहून अधिक काळ ज्यांना कोणी थारा दिला नाही त्यांना थारा दिला, हे मात्र आपल्या बोलण्यात कधी आले नाही. दोष रुग्णालयाचा नव्हता, आपल्या जिभेचा होता.

काकींना उत्तर देता यावे म्हणून मी स्वतः वाचू लागलो. माझ्या एमबीबीएसच्या काळात मनोविकार विभागात जेमतेम पंधरा दिवसांची नेमणूक असे, आणि आम्हा विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ती विश्रांतीची समजून घालवली होती. त्या अज्ञानाची भरपाई पन्नाशीत करायची होती. तेव्हा जे मराठी लेखन माझ्या हाती आले, ते योगायोगाने ठाण्याच्याच एका डॉक्टरांचे होते. त्यांचे नाव डॉ. आनंद नाडकर्णी.

त्यांचा व्यावसायिक प्रवास सांगण्यासारखा आहे, कारण मनाचा चिकित्सक कसा घडतो हे त्यातून समजते. नाडकर्णी यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात झाले. एमबीबीएसनंतर त्यांनी मनोविकारशास्त्रात एमडी केले. म्हणजे शरीराचे शिक्षण आधी आणि मनाचे नंतर. पुढे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले, तेव्हा त्या कामात नाडकर्णी यांचाही सहभाग होता. अनिल अवचट यांचे ‘गर्द’विषयीचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले, हे अनेकांना आठवत असेल. व्यसनी माणसाला उपदेश पुरत नाही, हे त्या क्षेत्रात काम करणाऱ्याला लवकर कळते. उपदेश त्याने आई-वडिलांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचा ऐकलेला असतो.

२३ मार्च १९९० रोजी नाडकर्णी यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे ‘आयपीएच’ ही संस्था सुरू केली. ज्या शहराचे नाव घेताच आपल्याकडे लोक खांदे उडवत, त्याच शहरात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि प्रशिक्षित स्वयंसेवक एका छताखाली बसू लागले. तेथे स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजाराचे रुग्ण येतात, त्यांचे थकलेले नातेवाईक येतात आणि परीक्षेच्या भीतीने पोटात गोळा येणारी मुलेही येतात. नाडकर्णी यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘शहाण्यांचा सायकिअॅट्रिस्ट’ असे आहे. काकींना मी ते नाव सांगितले. म्हणालो, ‘काकी, शहाण्या माणसांचाही मनाचा डॉक्टर असतो. तुम्ही शहाण्या आहात म्हणूनच जायचं.’ त्या तेव्हा हसल्या नाहीत, पण जायला तयार झाल्या.

घटना, विचार आणि भावना

मानसोपचाराच्या अनेक पद्धती आहेत. नाडकर्णी यांच्या ‘स्वभाव-विभाव’ या पुस्तकात जिची ओळख होते, ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धती सामान्य वाचकाला समजायला सोपी आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहितो. ती मांडली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी. एलिस यांचा जन्म १९१३ चा. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले होते. ते आधी मनोविश्लेषण शिकले. रुग्णाच्या बालपणाचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारी ती पद्धती त्यांना अपुरी वाटू लागली, आणि १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची वेगळी पद्धती मांडली. २००७ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्याकडे ही पद्धती रुजवण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठी माणसांपर्यंत आणली.

तिचे मूळ सूत्र असे. घटना घडते आणि आपल्याला त्रास होतो; म्हणून घटनेनेच त्रास झाला, असे आपण धरून चालतो. परंतु या दोहोंमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे त्या घटनेविषयी आपण स्वतःशी जे बोलतो ते. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस यानेही हाच विचार मांडला होता, आणि एलिस त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य करत. घटना पुष्कळदा आपल्या हाती नसते. स्वतःशी चाललेले बोलणे मात्र तपासता येते आणि बदलताही येते.

मराठीत हे समजावताना मला ‘च’ या एका अक्षराचा फार उपयोग होतो. ‘ह्यांनी बरे व्हावे’ ही इच्छा आहे. ‘ह्यांनी बरे झालेच पाहिजे’ हा हट्ट आहे. ‘मी शांत राहिले तर बरे’ ही इच्छा. ‘मी कधीही चिडताच कामा नये’ हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही, तर वाईट वाटते. हट्ट पुरा झाला नाही, तर माणूस मोडून पडतो, नाहीतर दुसऱ्याला मोडतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या पद्धतीत सदैव आनंदी राहायला किंवा ‘चांगलेच विचार करा’ असे शिकवले जात नाही. आयुष्याचा जोडीदार अंथरुणाला खिळला, तर दुःख होणारच, आणि ते व्हायलाच हवे. एलिस यांनी दुःख आणि नैराश्य, काळजी आणि चिंतेचे काहूर, चुकीची खंत आणि स्वतःचा धिक्कार यांत फरक केला. पहिल्या भावना त्रासदायक असल्या तरी माणसाला पुढचे पाऊल टाकू देतात. दुसऱ्या माणसाला जागीच जखडून ठेवतात. दुसऱ्या टोकाकडून पहिल्याकडे येणे, एवढेच येथे साधायचे असते.

बंद दाराआड

वसईतील मनोविकारतज्ज्ञांनी काकींची तपासणी केली. त्यांना नैराश्याचा आजार आहे असे सांगितले आणि त्यासाठी औषध सुरू केले. त्याबरोबरच आपल्या दवाखान्यात बसणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे आठवड्यातून एकदा जायला सांगितले. तेथे काय घडले, हे मला काकींनीच हळूहळू सांगितले. वाचकांना त्याविषयी कुतूहल असते आणि भीतीही, म्हणून त्यांतील थोडे येथे देतो.

पहिल्या भेटीत त्या बाईंनी फारसे काही सांगितलेच नाही. घरात कोण कोण, दिवस कसा जातो, रात्री किती वेळा उठावे लागते, पूर्वी असे कधी झाले होते का, घराण्यात कोणाला असा आजार होता का, असे विचारले. येथे बोललेले या खोलीबाहेर जाणार नाही, असे सांगितले. जिवाला धोका दिसला, तरच घरच्यांना कळवावे लागेल, हा अपवादही आधीच स्पष्ट केला. प्रत्येक भेट पाऊण तासाची असेल आणि सात-आठ भेटींनंतर पुन्हा विचार करू, असे ठरवले. काकी म्हणाल्या, ‘पाऊण तास कोणी माझ्याशी ह्यांच्याविषयी सोडून दुसरं काही बोललं, असं चार वर्षांत झालं नव्हतं.’

दुसऱ्या भेटीत उगारलेल्या हाताचा विषय निघाला. मी जे घाईने झाकले होते, ते त्या बाईंनी सावकाश उघडले. ‘हात उगारण्याआधी काय झालं होतं?’ काकींनी सांगितले. ती रात्रीची चौथी खेप होती. चादर बदलून त्या नुकत्या आडव्या झाल्या होत्या, आणि यजमानांनी नव्या चादरीवरच पाण्याचा पेला लोटला. ‘तेव्हा मनात काय आलं?’ ‘हे मुद्दाम करतात.’ ‘आणि हात उगारल्यावर?’ ‘मी नीच बाई आहे. बायकोनं नवऱ्याच्या आजारपणात चिडताच कामा नये.’

बाईंनी विचारले, ‘हा नियम कोणी केला?’

काकी थबकल्या. विचार करून म्हणाल्या, ‘सासूबाईंनी. पण त्यासुद्धा चिडायच्या.’ आणि कित्येक महिन्यांनी त्यांना हसू आले.

हे वाचताना हा प्रसंग अगदी सोपा वाटेल. मलाही वाटला होता. पण तो प्रश्न त्या क्षणी, त्याच स्वरात विचारता येण्यासाठी काही वर्षांचे शिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील सराव लागतो. ‘चिडणं साहजिक आहे’ असे मीही म्हणू शकलो असतो, आणि काकींनी ते मनातल्या मनात खोडून काढले असते. मानसोपचारतज्ज्ञ उत्तर हातात ठेवत नाहीत. रुग्णाला स्वतःच्याच विचारातील गाठ दिसावी, असा प्रश्न विचारतात. त्याच वेळी त्या बाईंनी कृतीला मात्र सूट दिली नाही. राग येणे वेगळे आणि परावलंबी माणसावर हात टाकणे वेगळे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. राग चढू लागला की आधी काय होते, हे काकींकडून शोधून घेतले. काकींचे कान गरम होत. कान गरम झाले, की यजमान सुरक्षित आहेत एवढे पाहून ओटीवर जायचे, दहा श्वास मोजायचे आणि मग परत यायचे, असे ठरले.

गृहपाठही असे. एका वहीत तीन रकाने आखायचे : काय घडले, मी स्वतःशी काय म्हणाले, मग काय वाटले. ‘हे मुद्दाम करतात’ या वाक्यापुढे काकींनी काही आठवड्यांनी स्वतःच लिहिले, ‘डावा हात अजून नीट वळत नाही.’

एका भेटीला मुलाला आणि सुनेला बोलावले होते. तेथे कोणाचाही न्यायनिवाडा झाला नाही. रात्रीच्या खेपांची वाटणी मात्र झाली. शनिवारी व रविवारी रात्र मुलाची. दररोज संध्याकाळी सून आली की एक तास काकींचा. त्या तासात त्यांनी सुरूच्या झाडांपलीकडे समुद्रावर जावे, शेजारी बसावे, नाहीतर नुसते झोपावे. काय केले हे कोणी विचारायचे नाही. वाचकहो, मानसोपचार म्हणजे घरातील ओझे तसेच ठेवून ते निमूट वाहायला शिकवणे नव्हे. वाटून घेता येईल तेवढे ओझे वाटून घेणे, हाही त्याचाच भाग आहे.

कोण कोण असते?

या क्षेत्रातील नावांमुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ किंवा सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात. ते आजाराचे निदान करतात, औषध देतात, आणि त्यांपैकी काही जण मानसोपचारही करतात. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ते मानसिक चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषध लिहून देत नाहीत. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैलपणे वापरला जातो. त्या पाटीमागे मानसशास्त्राची एमए पदवी आणि अनेक वर्षांचा अनुभव असू शकतो, किंवा काही दिवसांचा वर्गही असू शकतो. म्हणून पाटी वाचून थांबू नये.

पहिल्या भेटीत पुढील गोष्टी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि चांगल्या तज्ज्ञाला त्याचा राग येत नाही.

• आपले शिक्षण कोणते, आणि ते कोठे झाले?
• आपण कोणत्या पद्धतीने उपचार करता?
• ज्येष्ठांबरोबर किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांबरोबर काम करण्याचा आपल्याला अनुभव आहे का?
• साधारण किती भेटी लागतील, आणि प्रत्येक भेटीचे शुल्क किती?
• गरज पडल्यास आपण मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवता का?

जो पहिल्याच दिवशी पूर्ण बरे करण्याची हमी देतो, डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करायला सांगतो, आपली गोष्ट ऐकण्यापेक्षा स्वतःचीच सांगत बसतो, किंवा इतर रुग्णांच्या कथा नावानिशी ऐकवतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. चार भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल, तर तसे सांगून तज्ज्ञ बदलण्यातही काही गैर नाही.

‘आता या वयात?’

ज्येष्ठ वाचकांपैकी अनेक जण मनात म्हणत असतील, ‘सत्तरी उलटली, आता मन काय बदलणार?’ माझा अनुभव उलट आहे. साठ वर्षे ज्यांनी ऋतूंप्रमाणे वाडी सांभाळली, त्यांना बदल म्हणजे काय हे तरुणांपेक्षा अधिक ठाऊक असते. मानसोपचाराचा फायदा ज्येष्ठांनाही होतो. फक्त ऐकू कमी येत असेल, तर यंत्र लावून जावे आणि लिहिलेले वाचता यावे म्हणून चष्मा बरोबर न्यावा.

मात्र आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून शरीराची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि काही औषधांचे दुष्परिणाम मनावरही उमटतात. वृद्धांमधील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. अंगदुखी, भूक मंदावणे, पहाटे लवकर जाग येणे, विसरभोळेपणा अशा वेषांत ते येते. तो विसरभोळेपणा नैराश्याचा की स्मृतिभ्रंशाचा, हे तज्ज्ञांनीच ठरवावे. आणि वृद्ध माणूस एकदोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागला, तर ते मनाचे दुखणे समजून थांबू नये. ती तातडीने डॉक्टरकडे नेण्याची स्थिती आहे.

खर्चाविषयी आणि गुप्ततेविषयीही थोडे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा उपलब्ध करून द्यावा, असेही त्यात सांगितले आहे. म्हणून पॉलिसीची कागदपत्रे एकदा काढून वाचावीत. तज्ज्ञांकडे जाणे लगेच जमत नसेल, तर ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, ती चोवीस तास चालते, आणि तेथे मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ही आहे. हे दोन क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

मी आता काय विचारतो

काकींची गोष्ट चमत्कारावर संपत नाही. यजमान अजूनही अंथरुणावर आहेत. त्यांची वाचा परत आली नाही, येण्याची आशाही आता थोडी आहे. काकींचे औषध डॉक्टरांनी वर्षभराने हळूहळू कमी केले. भेटी आठवड्याच्या महिन्यावर आल्या, आणि पुढे गरजेपुरत्या राहिल्या. त्यांना अजूनही राग येतो. ‘कान गरम झाले की ओटीवर जाते’, असे त्या मला सांगतात. ह्यांच्या शेजारी बसून अर्धा तास गजरे करता येतात, हे सांगताना त्यांचा चेहरा वेगळा दिसतो.

बदल माझ्या दवाखान्यातही झाला. दुसऱ्याची फाइल घेऊन आलेल्या माणसासाठी मी आता एक कोरी फाइल काढतो आणि तिच्यावर त्याचे नाव लिहितो. ‘बरी आहे’ या उत्तरावर थांबत नाही. रात्री किती तास झोप होते, शेवटचे मोकळे बोलणे कोणाशी झाले, स्वतःची भीती वाटावी असे कधी काही घडले का, हे विचारतो. आणि विचारल्यावर गप्प बसतो. मला हे अजूनही अवघड जाते, कारण आम्हा डॉक्टरांना समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच चिठ्ठी लिहायची सवय असते. माझ्या ऐकण्याच्या मर्यादाही मला आता कळतात. जेथे त्या संपतात, तेथून पुढे ज्यांनी ऐकण्याचेच शिक्षण घेतले आहे त्यांचा पत्ता मी लिहून देतो.

आपणही आज आपल्या घरात पाहा. औषधांच्या डब्याशेजारी उभे असलेले जे माणूस ‘मी बरी आहे’ किंवा ‘मी बरा आहे’ म्हणत आहे, त्याला समोर बसवून पुन्हा एकदा विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तोवर उठू नका. आणि ते माणूस आपण स्वतःच असाल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना त्या दुसऱ्या फाइलबरोबर स्वतःचीही फाइल घेऊन जा.